शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब



एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा वैद्यकातलाच विषय घ्यावा, अशी सूचना आली आणि मी थायरॉइडचा कॅन्सर हा विषय निवडला. त्याला कारण आहे. कॅन्सरबद्दल आपण वर्षानुवर्षं लोकांना एकच गोष्ट सांगत आलो : लवकर ओळखा, लवकर काढा. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत ती खरीच आहे. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तर उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, असं मी आजही सांगेन. थायरॉइडच्या बाबतीत मात्र हे वाक्य जसंच्या तसं चालत नाही आणि ते का चालत नाही, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या संशोधनाने दाखवून दिलं आहे.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. थायरॉइड कॅन्सरच्या निदानात आणि शस्त्रक्रियेत जी सुधारणा झाली, तिच्यामागे उपचारानंतर रुग्णाचं पुढे काय झालं, हे चिकाटीने पाहणारे लोक आहेत. यंत्रं आली, चाचण्या आल्या, त्यांचा उपयोगही झाला. पण कोणतं यंत्र कुणासाठी वापरायचं आणि कुणासाठी नाही, हे या लोकांच्या नोंदींनी शिकवलं.

गाठ आणि कॅन्सर

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून असलेली ग्रंथी. तिच्यात गाठी होणं इतकं सर्रास आहे की मोठ्या माणसांच्या गळ्याची बारकाईने सोनोग्राफी केली, तर फार मोठ्या संख्येने लोकांमध्ये काही ना काही सापडतं. त्यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. ज्या कॅन्सरच्या निघतात, त्यातही बहुतांश ‘पॅपिलरी’ नावाच्या, सावकाश वाढणाऱ्या प्रकारच्या असतात. ‘मेड्युलरी’ हा प्रकार निराळा. तो काही घरांत आनुवंशिक असतो आणि तिथे ‘रेट’ या जनुकाची तपासणी करून मुलाबाळांनाही वेळीच वाचवता येतं. ‘अॅनाप्लास्टिक’ हा प्रकार दुर्मीळ, पण अतिशय उग्र. गळ्यातली गाठ आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसत असेल, आवाज बसला असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. पुढचं सगळं बोलणं मुख्यतः पॅपिलरी कॅन्सरबद्दल आहे, हे ध्यानात ठेवा.

१९८५ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर कारणांनी मृत्यू पावलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइड ग्रंथी त्यांनी अगदी पातळ काप घेऊन तपासल्या. ३६ जणांच्या ग्रंथीत बारीक पॅपिलरी कॅन्सर निघाला. यातल्या कुणालाही तो असल्याचं हयातीत ठाऊक नव्हतं. म्हणजे हा कॅन्सर अंगात घेऊन माणसं आपापलं आयुष्य जगतात आणि भलत्याच कारणाने जातात.  या निष्कर्षाचा अर्थ काय होतो, ते पुढे एका अख्ख्या देशाने अनुभवलं.

कोरियाने काय पाहिलं

दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये कॅन्सर-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. थायरॉइडचा कॅन्सर त्या यादीत नव्हता. पण तपासणीला आलेल्या माणसाला ‘थोडे पैसे भरा, गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या’ असं सुचवलं जाऊ लागलं. दुखत नाही, सुई नाही, पाच मिनिटांत होतं. लोकांनी करून घेतली. २०११ मध्ये तिथला थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३ च्या पंधरापट झाला. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असं सांगण्यात आलं आणि जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली.

आता हा कार्यक्रम जर जीव वाचवत असता, तर मृत्यूंची संख्या खाली यायला हवी होती. ती जिथल्या तिथे राहिली. थायरॉइडच्या कॅन्सरने वर्षाला तीनशे-चारशे माणसं आधीही जात होती, नंतरही तेवढीच. दुसरीकडे, विम्याच्या नोंदींवरून शस्त्रक्रिया झालेल्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा ११ टक्के लोकांना रक्तातलं कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी झाल्याचा त्रास आणि २ टक्के लोकांना स्वरतंतूंचा लकवा झालेला आढळला. हे सगळं ह्योंग सिक आन, ह्युन जुंग किम आणि गिल्बर्ट वेल्च यांनी २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलं. त्याच वर्षी कोरियातल्या आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन, लक्षणं नसलेल्यांनी ही सोनोग्राफी करून घेऊ नये, असं जाहीर आवाहन केलं होतं. वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. व्यवसायाचं नुकसान होईल हे दिसत असताना खरं बोलणाऱ्या त्या आठ जणांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हे कोरियापुरतं नाही. बारा श्रीमंत देशांच्या नोंदी अभ्यासून संशोधकांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला : दोन दशकांत ४ लाख ७० हजार स्त्रिया आणि ९० हजार पुरुष यांना असं अनावश्यक निदान मिळालं. स्त्रियांचा आकडा पाहा. या प्रश्नाचा भार मुख्यतः बायकांनी उचलला आहे. आपल्या शहरांतही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी येऊ लागली आहे. चार मिलिमीटरची गाठ लिहिलेला रिपोर्ट घेऊन, रडून डोळे सुजलेली बाई जेव्हा ओपीडीत समोर बसते, तेव्हा तिला आजार किती आणि भीती किती, हे सोडवण्यातच पहिली भेट जाते.

कोणत्या गाठीत सुई घालायची

मग गाठ सापडली तर करायचं काय? इथे संशोधनाने शिस्त आणली. सोनोग्राफीत गाठीचे पाच पैलू पाहतात : ती भरीव आहे की पाण्याची, आजूबाजूच्या भागापेक्षा किती काळी दिसते, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा कशा आहेत, आणि आत कॅल्शियमचे पांढरे ठिपके आहेत का. या प्रत्येकाला गुण देऊन बेरीज करायची, याला ‘टायरॅड्स’ म्हणतात. अमेरिकी रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या पद्धतीनुसार सगळ्यांत संशयास्पद गाठीतही एक सेंटिमीटरच्या आत सहसा सुई घालत नाहीत. सौम्य संशयाच्या गाठीसाठी ही मर्यादा अडीच सेंटिमीटर आहे. तेव्हा रिपोर्ट हातात आला की नुसता ‘गाठ आहे’ हा शब्द वाचू नका. आकार किती आणि टायरॅड्सचा वर्ग कोणता, हे विचारा.

सुईने पेशी काढून तपासणं म्हणजे एफएनएसी. पूर्वी पॅथॉलॉजिस्ट आपापल्या भाषेत अहवाल लिहीत आणि तो वाचून एक सर्जन शस्त्रक्रिया करी, दुसरा थांबे. २००७ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे भरलेल्या परिषदेतून सहा वर्गांची पद्धत ठरली आणि आता ती जगभर वापरतात. तिचं बळ असं की, प्रत्येक वर्गातल्या गाठी पुढे काढल्यावर प्रत्यक्षात काय निघालं, याचा हिशेब मागून घालत गेले. २०२३ च्या आवृत्तीत दुसऱ्या वर्गातल्या गाठीत कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता ४ टक्के दिली आहे, सहाव्यात ९७ टक्के. अडचण मधल्या वर्गांची. तिसऱ्यात ती २२ टक्के आणि चौथ्यात ३०. म्हणजे अशा गाठींची शस्त्रक्रिया केली, तर बहुतेकांची ग्रंथी विनाकारण निघते. अशा संदिग्ध गाठींसाठी जनुकीय चाचण्या निघाल्या, त्यांनी परदेशात पुष्कळ शस्त्रक्रिया टाळल्या. आपल्याकडे त्या महाग आहेत आणि सगळीकडे मिळत नाहीत. पण अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून काढलेल्या पेशींच्या त्याच काचा पुन्हा पाहून घेणं किंवा काही काळाने पुन्हा एफएनएसी करणं, हे तर आपल्या हातात आहे.

थांबून पाहण्याचं धाडस

कॅन्सर निश्चित झाला, तरीही लगेच शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवायचं, असं १९९३ मध्ये जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलच्या डॉ. अकिरा मियाउची यांनी सुचवलं. ऐकायला ते धक्कादायक होतं. गाठ एक सेंटिमीटरपर्यंत, मानेतल्या लसिकाग्रंथींत रोग गेलेला नाही, श्वासनलिका किंवा आवाजाची नस जवळ नाही, अशाच रुग्णांना हा पर्याय देण्यात आला. आधी सहा महिन्यांनी, मग दरवर्षी सोनोग्राफी. २०१४ मध्ये त्यांनी १,२३५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढल्याचं प्रमाण ८ टक्के आणि मानेत रोग दिसल्याचं ३.८ टक्के. अशांची शस्त्रक्रिया उशिरा झाली म्हणून त्यांचं नुकसान झालं नाही. पुढे त्याच रुग्णालयाने लक्ष ठेवलेल्या १,१७९ आणि लगेच शस्त्रक्रिया झालेल्या ९७४ रुग्णांची तुलना मांडली. थायरॉइडच्या कॅन्सरने मृत्यू दोन्हीकडे एकही नाही; गुंतागुंत मात्र लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये जास्त.

हे जमायला दोन गोष्टी लागतात : भरवशाची सोनोग्राफी आणि न चुकता परत येणारा रुग्ण. म्हणून आपल्याकडे हा मार्ग सरसकट सांगता येणार नाही. एकीकडे शहरात चार मिलिमीटरच्या गाठी सापडत असताना दुसरीकडे दूरच्या तालुक्यांतून गाठ श्वासनलिकेवर दाबू लागल्यावर येणारे रुग्णही आम्ही पाहतो. पहिल्याला थांबवायचं आणि दुसऱ्यापर्यंत लवकर पोचायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची आहेत.

सुरी, आवाज आणि कॅल्शियम

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी. १८८३ पर्यंतच्या त्यांच्या पहिल्या शंभरेक शस्त्रक्रियांत सुमारे १३ टक्के रुग्ण दगावले होते; पुढच्या काळात त्यांनी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणलं. पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्या जागी दिसतं. त्यांनी १८७४ मध्ये एका लहान मुलीची ग्रंथी पूर्ण काढली होती. ती मंद, सुस्त झाल्याचं तिच्या डॉक्टरांनी कळवलं होतं. पुढे जिनिव्हाच्या रेव्हर्दां या चुलत भावांनी असंच निरीक्षण मांडलं, तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पत्रं पाठवून परत बोलावलं. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी जे आले, त्यातल्या बहुतेकांची तीच अवस्था होती. उत्तम झालेल्या शस्त्रक्रियांनीच हे केलं होतं. १८८३ मध्ये बर्लिनच्या सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ते उघडपणे मांडलं. थायरॉइडचं शरीरात काम काय, हे जगाला समजायला त्या कबुलीची मोठी मदत झाली. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून अशा आजारी बाईला बरं केलं आणि आज लाखो लोक सकाळी उपाशीपोटी जी गोळी घेतात, तिची वाट उघडली. १९०९ चं नोबेल पारितोषिक कोखर यांना मिळालं.

आज थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत जीव क्वचित जातो. सांभाळायच्या असतात त्या दोन गोष्टी. एक आवाजाची नस. ती छातीकडे उतरून वळते आणि श्वासनलिकेच्या कडेने, ग्रंथीच्या अगदी मागून वर चढते. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. शिक्षिकेला, कीर्तनकाराला, भाजी विकणाऱ्या बाईला आवाज म्हणजे पोट.

दुसरी गोष्ट पॅराथायरॉइड. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी बहुधा चार असतात आणि रक्तातलं कॅल्शियम राखतात. गंमत म्हणजे त्यांची पहिली नोंद झाली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात. रिचर्ड ओवेन यांनी १८५० मध्ये ती मांडली. माणसातल्या ग्रंथी १८८० मध्ये इवार सँडस्ट्रॉम या स्वीडिश वैद्यकीय विद्यार्थ्याने दाखवल्या. शस्त्रक्रियेत चरबीच्या बारीक कणांतून त्या वेगळ्या ओळखणं अवघड. त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत सुधारतं. काहींना मात्र आयुष्यभर गोळ्या लागतात. विशिष्ट अवरक्त प्रकाशात या ग्रंथी आपोआप चमकतात, हे अलीकडच्या काळात लक्षात आलं. फ्रान्समधल्या २४१ रुग्णांच्या चाचणीत ही चमक टिपणारा कॅमेरा वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या तात्पुरत्या कॅल्शियम-कमतरतेचं प्रमाण २१.७ वरून ९.१ टक्क्यांवर आलं. कायमचा त्रास किती कमी होतो, यासाठी अजून मोठे अभ्यास हवेत.

कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे सर्जनचा सराव. अमेरिकेतल्या जवळपास १७ हजार रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की, संपूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनांपैकी निम्मे जण वर्षाला एकच अशी शस्त्रक्रिया करत होते. वर्षाला २५ पेक्षा जास्त करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी झाली. ‘डॉक्टर, वर्षाला अशा किती करता?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला सर्जन त्याचं उत्तर आनंदाने देतो.

रात्रीचा वॉर्ड

शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके नीट आहेत, नातेवाईक घरी गेलेत. रात्री रुग्ण अस्वस्थ होतो. ‘गळ्यात काहीतरी दाटलंय, पडून राहवत नाही’ म्हणतो. उठून बसतो. ऑक्सिजनचा आकडा अजून ठीक दिसतो, म्हणून नवखी सिस्टर थांबते. पण पट्टीखाली मान फुगलेली, ताठ आहे. आत रक्त साचलंय आणि श्वासमार्ग सुजत चाललाय. अशा वेळी सर्जन घरून येईपर्यंत वाट पाहणं जिवावर बेततं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञ, थायरॉइड सर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्या संस्थांनी २०२२ मध्ये एकत्र येऊन याची पायऱ्या-पायऱ्यांची पद्धत लिहिली : पट्टी काढा, टाके कापा, त्वचा उघडा, खालचे स्नायू उघडा, जखमेत गॉज भरा, हे सगळं खाटेवरच. त्यासाठीचं साहित्य खाटेशेजारी ठेवलेलं हवं आणि वॉर्डमधल्या सिस्टरला ते वापरण्याचा सराव हवा. याला महागडं यंत्र लागत नाही. ट्रे लागतो, कात्री लागते आणि ‘मी येईपर्यंत थांबू नका’ असं आधीच सांगून ठेवणारा सर्जन लागतो.

कमी उपचार, तितकाच गुण

उपचार किती करावा, यावरही नोंदींनीच मत बदललं. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींतल्या ५२ हजारांहून अधिक रुग्णांवरून निष्कर्ष निघाला की, एक सेंटिमीटरपुढच्या गाठीला पूर्ण ग्रंथी काढावी. २०१४ मध्ये त्याच नोंदींतले ६१,७७५ रुग्ण, त्यांचे इतर आजार आणि रोगाचा पसारा अधिक तपशिलात धरून अभ्यासले, तेव्हा एक ते चार सेंटिमीटरच्या गाठीत पूर्ण आणि अर्धी ग्रंथी काढलेल्यांच्या आयुर्मानात फरक उरला नाही. अर्धी ग्रंथी राहिली, तर पॅराथायरॉइड आणि आवाजाची नस एका बाजूला सुरक्षित राहतात. पुष्कळांना रोजची गोळीही लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी आयोडिनचं, म्हणजे रेडिओआयोडिनचंही तसंच. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३ पासून या उपचाराचं मोठं काम आपल्याकडे उभं केलं आणि पसरलेल्या रोगात तो आजही अमोल आहे. पण फ्रान्समधल्या ७७६ कमी-जोखमीच्या रुग्णांच्या चाचणीत, २०२२ च्या अहवालानुसार, तीन वर्षांनी रेडिओआयोडिन न दिलेल्या ९५.६ टक्के आणि दिलेल्या ९५.९ टक्के रुग्णांमध्ये काहीही विपरीत घडलं नव्हतं. विदर्भातून किंवा कोकणातून येऊन, वेगळ्या खोलीत एकटं राहून, तान्ह्या मुलापासून दूर राहून जी बाई हा डोस घेते, तिच्यासाठी तो टळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

वही उघडा

हे सगळे अभ्यास परदेशातले आहेत, याची मला खंत आहे. आपल्याकडे रुग्ण कमी नाहीत, हुशारी कमी नाही. रुग्ण टाके काढून गेला की आपला त्याच्याशी संबंध संपतो, हे आपलं दुखणं आहे. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, ओपीडीतली रांग यांमुळे तो परत येत नाही आणि आपणही बोलावत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाच्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. आधीची एफएनएसी आणि नंतरचा पॅथॉलॉजीचा अहवाल जुळला का? रक्तस्रावासाठी परत न्यावं लागलं का? सहा महिन्यांनी आवाज कसा आहे? सहा महिन्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का? शेवटच्या दोन प्रश्नांसाठी रुग्णाला बोलावण्याचीही गरज नाही. एक फोन पुरतो. वर्षाअखेरीस या चार आकड्यांची बेरीज करावी आणि ती विचारणाऱ्याला द्यावी. तालुक्याच्या रुग्णालयालाही हे जमेल.

श्रोतेहो, यात तुमचाही वाटा आहे. लक्षणं नसताना गळ्याची सोनोग्राफी मागू नका. गाठ असेल तर घाबरून एकाच भेटीत निर्णय घेऊ नका. शस्त्रक्रिया झाली असेल तर बरं वाटत असतानाही बोलावलेल्या तारखेला जा. तुमची ती भेट पुढच्या रुग्णाच्या कामी येते. आणि शस्त्रक्रिया ठरवण्याआधी हे चार आकडे विचारा. जिथे ते मिळतील, तिथे विश्वासाने शस्त्रक्रिया करून घ्या. जिथे मिळणार नाहीत, तिथे पुनःपुन्हा विचारत राहा. विचारणारे वाढले की नोंदी ठेवणारेही वाढतील.